पंपाचं मी बघतो

३ मार्च, सकाळी ७.१०
स्विमिंग पूलचा पंप बंद. स्विच वर केला की दहा सेकंदांत खटकन खाली. हिला म्हटलं, इलेक्ट्रिशियन वगैरे बोलावू नकोस, पंपाचं मी बघतो. अठ्ठावीस वर्षं कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. विजेशी माझी जुनी ओळख.
हिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला सहा आठवडे झाले. फिजिओथेरपिस्टने रोज अर्धा तास छातीभर पाण्यात चालायला सांगितलंय. घराबरोबर हा छोटा पूल आयता मिळाला तेव्हा मेव्हणा हसला होता. आता त्याला कळलं असेल दूरदृष्टी कशाला म्हणतात.
रविवारपर्यंत काम फत्ते. लिहून ठेवतो.

३ मार्च, संध्याकाळी
स्विच चौदा वेळा वर केला. चौदाव्या वेळी पंप एकोणीस सेकंद चालला. सुधारणा आहे.

४ मार्च
वीज तपासायचा मल्टिमीटर आणला. दुकानदाराने विचारलं, वापरता येतो का. नुसता हसलो.
घरी येऊन तारांना लावला. स्क्रीनवर ‘ओएल’ आलं. ऑल ओके म्हणायचं असणार, जागा पुरली नसेल. तीन ठिकाणी तपासलं, तिन्हीकडे ऑल ओके. मग बिघाड आहे कुठे?

६ मार्च
मेव्हण्याचा फोन. म्हणाला, भावोजी, सरळ माणूस बोलवा, ताईचं चालणं बंद पडायला नको. त्याला माझ्या हुद्द्याची आठवण करून दिली. तर म्हणतो, सेफ्टी ऑफिसर म्हणजे ते ‘धोका’चे बोर्ड लावायचे, तेच ना?
फोन ठेवला. आपण आपली पातळी सोडायची नाही.

७ मार्च, रविवार
जिथून तारा पंपात शिरतात ती डबी उघडली. आत थोडी ओल. पुसली. बंद करताना एक रबरी रिंग आणि एक स्क्रू उरला. कंपन्या जास्तीचं देतात. मग अख्खा पंप पाण्याच्या पाइपने धुऊन काढला. नवा कोरा दिसतोय.
दुपारी ३: आता दहा सेकंदही चालत नाही. स्विच वर राहायलाच तयार नाही. वाळायचा असेल.
रविवारपर्यंत असं लिहिलं होतं. कुठला रविवार ते लिहिलं नव्हतं.

१० मार्च
पाणी हिरवं. तळ दिसत नाही. हिचं चालणं तीन दिवस बंद. जिना चढताना एक पाय, मग थांबणं, मग दुसरा. तक्रार नाही. ‘झालं का’ एवढंही विचारत नाही. विचारलं असतं तर रागावता तरी आलं असतं.

११ मार्च
फिजिओथेरपिस्टकडे गेलो. गुडघा एकशे दहा अंशांपर्यंत वाकत होता, आज पंच्याण्णव. तिने विचारलं, पाण्यात चालणं का थांबवलं? ही म्हणाली, पंप बिघडलाय, पण हे बघतायत ना. चक्क अभिमानाने म्हणाली. मी भिंतीवरचा सांगाड्याचा तक्ता वाचत राहिलो.
उद्या काहीही होवो, पंप चालू करणार.

१२ मार्च, सकाळी ११
सापडलं! खोट पंपात नाहीच. बोर्डावरचा ईएलसीबी, म्हणजे वीज कुठे गळली की लाइन तोडतो तो, तोच अतिशहाणा. उगाच घाबरतो. दोन फूट लाल वायर घेतली आणि त्याला वळसा घालून लाइन थेट पंपाला दिली. पंप सुरू!
कारखान्यात असली वायर जोडली म्हणून मी एका फिटरला तीन दिवस घरी बसवलं होतं. पण ती केस वेगळी. तिथे शेकडो माणसं, इथे आम्ही दोघंच. शिवाय हे तात्पुरतं आहे.

१५ मार्च
पाणी आरशासारखं. ही उतरली, वीस मिनिटं चालली, हसत बाहेर आली. मेव्हण्याला उद्या सकाळी चहाला बोलावलंय. कारण सांगितलं नाही. स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे.
जेवताना ही म्हणाली, अहो, ती स्टीलची शिडी धरली की हाताला मुंग्या येतात. म्हटलं, ऑपरेशननंतर नसा हळव्या होतात, नेटवर वाचलंय मी. बरं, म्हणाली.
नेटवर असलं काही वाचलेलं नाही. उद्या मेव्हणा बघून गेला की वायर काढून टाकेन. त्याच्या आधी काढली तर पंप बंद पडेल.

१६ मार्च, दुपारी ४, हॉस्पिटल
ही पाण्यात होती. मेव्हणा काठावर. मी चहाचा ट्रे घेऊन त्याला पंप कसा दुरुस्त केला ते सांगत होतो. हिने बाहेर यायला शिडी धरली आणि किंचाळली. हात सुटेना.
अशा वेळी काय करायचं हे मी अठ्ठावीस वर्षं शिकवलं. आधी मेन स्विच. चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही. हजारो कामगारांना घोकून घेतलंय. मी ट्रे धरून उभा राहिलो. मेव्हण्याने पळत जाऊन मेन पाडला. ही मागच्या मागे पाण्यात गेली. त्याने बुटांसकट उडी मारून तिला वर घेतलं. तेव्हाही ट्रे माझ्या हातात होता. चहा सांडलासुद्धा नव्हता.
ईसीजी ठीक. गुडघा ठीक. उजव्या तळव्यावर भाजल्याचा पट्टा. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? म्हटलं, पंपात फॉल्ट होता. वाक्य खोटं नाही.

१८ मार्च
मेव्हण्याने इलेक्ट्रिशियन पाठवली. चाळिशीची बाई, कमी बोलणारी. पंपाची डबी उघडली तर आतून कपभर पाणी सांडलं. इथली रबरी रिंग कुठाय, विचारलं. मी आतून आणून दिली. मूळ बिघाड काय, तर एक जॉइंट ओला होत होता. अर्ध्या तासाचं काम. शिडीला अर्थिंगही करून दिलं.
मग बोर्ड उघडला. लाल वायर दिसली तसा तिचा हात थांबला. हे कुणी केलं? ही समोर खुर्चीत बसलेली, मेव्हणा तिच्या मागे.
मी म्हणालो, आधीच्या मालकाने केलं असेल.
बाई जोडावरची टेप सोलायला लागली. टेप ताजी होती, तिच्या बोटांना चिकटून लांबच लांब ताणली गेली. आधीचा मालक घर सोडून चार वर्षं झाली. सगळे टेपकडे बघत होते. तिने वायरची गुंडाळी करून माझ्या हातात ठेवली आणि मेव्हण्याला म्हणाली, ईएलसीबी उत्तम आहे. तो बिचारा त्याचं काम करत होता.

१९ मार्च
हिला सांगितलं. वायर मी जोडली.
ही कपड्यांच्या घड्या घालत होती. उजव्या हाताला पट्टी, म्हणून डाव्याने. म्हणाली, माहीत आहे, तुम्ही जोडत होतात तेव्हा मी खिडकीत होते. तुम्हाला त्यातलं कळतं असं वाटलं. हातातली घडी पुरी केली. मग म्हणाली, वायरचं जाऊ द्या. मुंग्या येतात म्हटलं तेव्हा तुम्ही नसांचं सांगितलंत. ते का?
उत्तरं बरीच होती. या वहीत मावली असती.  तिने माझे शर्ट वेगळे केले आणि कपाटात माझ्या बाजूला ठेवले, रोजच्यासारखे.

२३ मार्च, सकाळी ७.३०
हिची पट्टी निघाली. कालपासून मेव्हण्याच्या गाडीने सार्वजनिक तलावावर जाते. म्हणते, घरच्या पाण्याकडे बघवत नाही.
आज विश्वास बसवायचाच असं ठरवलं. पहाटे पंप चालू केला आणि स्वतः पाण्यात उतरलो. चार वर्षांत पहिल्यांदा. मला पोहता येत नाही, हे घरात कुणाला माहीत नाही. छातीभर पाण्यात, शिडी दोन्ही हातांनी धरून, हिच्या खिडकीकडे तोंड करून पाऊण तास उभा होतो. दात वाजत होते. खिडकीत दिवा लागला, पडदा हलला. मी एक हात सोडून हलवला आणि लगेच परत शिडी धरली.
शेवटी ही दारात आली. खांद्याला पिशवी, डोक्यावर पोहण्याची टोपी. वाटलं, आता काहीतरी म्हणेल. म्हणाली, अहो, बाहेर या, गारठाल. मी म्हटलं, बघ, काही होत नाही. ती माझ्या हातांकडे बघत राहिली.
गेटपाशी हॉर्न वाजला. ती निघाली. दोन पावलं गेली, परत फिरली, बोर्डापाशी जाऊन पंपाचा स्विच खाली केला, आणि मग गेली.