गर्दीतली मावशी

क्वाला कांगसार,
रविवार

प्रिय सैदीन,

'प्रिय' लिहिलंय ते रीत आहे म्हणून. पत्र असंच सुरू करतात असं शाळेत शिकवलं होतं, आणि मी जेमतेम तेवढंच शिकून बाहेर पडले. तेव्हा लगेच छाती फुगवून बसू नकोस. अक्षर वेडंवाकडं आहे. तुझे दात राहिले नसतील, पण डोळे राहिले असावेत असं धरून चालते. हे पत्र तेलाच्या दोन बाटल्यांसोबत खोक्यात घालते आहे. बाटल्या घरच्या पोरीला दे, पत्र मात्र स्वतः वाच. तिच्याकडून वाचून घेतलंस तर मला कळेल. कसं कळेल ते विचारू नकोस.

मी जेनाब. तू ज्याला अजगराच्या चरबीचं तेल म्हणून बाजारोबाजार विकायचास, ते नारळाचं तेल गवती चहा, आलं नि जायफळ घालून आईच्या मागच्या अंगणात उकळणारी. आणि मग तुझ्याच गर्दीत परकी होऊन उभी राहणारी, तुलाच टोमणे मारणारी. एवढ्यावरही ओळख पटली नसेल तर खोकं तसंच परत पाठव.

ऐक. मी अजून तेल उकळते. आता त्यात अजगर नाही, जे आहे तेच बाटलीवर लिहिलेलं असतं. ते माझ्या नातीने, मेलूरने, छापून आणलं. माझ्या मुलाची ही धाकटी. इपोहला हातमोज्यांच्या कारखान्यात होती, कारखान्याने माणसं कमी केली तशी बॅग घेऊन माझ्या दारात आली. एक दिवस मी शेजारणीला तेल देताना तिचा उद्धार करत होते, तो या पोरीने मोबाइलवर टिपला आणि जगाला दाखवला. लोक हसले म्हणे. तेव्हापासून दर शुक्रवारी नमाज झाली की मला ओसरीवर बसवते, समोर मोबाइल उभा करते, आणि मी बोलायचं, लोकांनी कुठून कुठून बघायचं, तेल मागवायचं. याला ते लाइव्ह म्हणतात. चाललं तर मेलूर इथे राहणार. नाही चाललं तर ईदनंतर बापाकडे जोहोरला, आणि तिथून पूल ओलांडून सिंगापूरला कामाला. मी तिला अडवणार नाही. माणूस अडवून ठेवायची मला सवय नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? पण ती गेली की या घरात माझं बोलणं ऐकायला फक्त कोंबड्या उरतील, आणि कोंबड्या मान हलवतात ती दाण्यासाठी.

गेल्या शुक्रवारी मी बोलता बोलता मध्येच गप्प झाले. चांगली रंगात आले होते आणि गप्प. लोकांना वाटलं मोबाइल अडकला. मग एकेक करून सगळे निघून गेले. येत्या शुक्रवारी पुन्हा बसायचंय, आणि पुन्हा तसंच झालं तर मेलूर सरळ कपडे आवरायला घेईल. मी का गप्प झाले ते तुला सांगणारच आहे, पण आत्ता नाही. टोपली लगेच उघडायची नसते, हे तुझंच शिकवणं.

ती टोपली आहे हां माझ्याकडे. बांबूची, तिच्या झाकणाला तू लाल चिंधी बांधली होतीस ती. वर्तुळाच्या मधोमध ठेवायचास आणि लोकांकडे पाठ करून तिच्याशीच हळू आवाजात बोलत बसायचास, 'थांब गं बाई, आत्ता नको, आत्ता माणसं नाहीत.' हा येडा कोणाशी बोलतोय ते बघायला माणसं यायची. पुढे येऊन वाकायची. तेव्हा कुठे तू वळायचास. मोठ्याने ओरडणारे दुसरेही होते बाजारात, लोकांचे दात उपटून देणारा तो आ-फूक तर थाळी बडवायचा. त्याच्याकडे लोक बघायचे आणि पुढे जायचे. तुझ्याकडे कान देऊन उभे राहायचे, कारण तू नीट ऐकूच येत नव्हतास. मी मेलूरला हे सांगितलं. ती म्हणाली, 'आजी, हळू बोललीस तर मोबाइलला ऐकू जाणार नाही.' घ्या.

सगळ्यांना वाटायचं टोपलीत अजगर आहे. दोन तास लोक त्यासाठी उन्हात उभे राहायचे आणि तू झाकणावर नुसता हात ठेवायचास. आत काय होतं ते तुला माहीत आणि मला. केळीच्या पानात बांधलेला आपल्या दोघांचा भात, तळलेली बारीक मासळी आणि माझ्या आईची ती तिखट चटणी. बाजार उठला, गर्दी पांगली की नदीकाठी बसून आपण अजगर खायचो.

तुला वाटत असेल बोलायचं काम तू करायचास आणि मी नुसती शोभेला उभी. अरे, तुला काय दिसायचं? समोरची पहिली रांग. मागचा माणूस जांभई देतोय, बाईचा एक पाय घराकडे वळलाय, हे मला गर्दीत उभं राहून कळायचं. मी डावा कान खाजवला की तू आवाज खाली आणायचास. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली की समजायचास, फळ पिकलंय, आता विकायला काढ. आणि सगळंच गार पडायला लागलं की मी तोंड उघडायचे. 'ओ दादा, तेल आहे की चटणीचं पाणी?' लोक गर्रकन माझ्याकडे वळायचे. तू म्हणायचास, 'या मावशी, पुढे या, तुमच्या जिभेला चोळून देतो, जरा मऊ पडेल.' एकोणीस वर्षांच्या पोरीला मावशी! लोक खो खो हसायचे आणि मी खरोखरच चिडायचे, म्हणून ते खरं वाटायचं. भांडण चालू असलं की माणूस जागचा हलत नाही. आपला नियम एकच होता आणि तो तूच घातलेला. वर्तुळाजवळ आपण एकमेकांना ओळखत नाही. मेलो तरी ओळखायचं नाही. गावातून बस सुटली, शेवटचं घर मागे पडलं, की मग तू उठून माझ्या शेजारी येऊन बसायचास.

आणि बसमध्ये तू पुढच्या बाजाराचं बोलणं मला ऐकवायचास. एखादा नवा शब्द घातला तरी आधी मला. 'हे कसं वाटतं जेनाब?' मी म्हणायचे भिकार. तू काढून टाकायचास. तुझ्या तोंडून गर्दीत गेलेला एकही शब्द माझ्या कानावरून गेल्याशिवाय गेला नव्हता. एवढं ध्यानात ठेव, मी परत याच्यावर येणार आहे.

मोबाइलचं दुखणं हे की त्याला तोंड नाही. वरच्या कोपऱ्यात एक डोळा काढलेला असतो आणि शेजारी आकडा, इतकी माणसं बघतायत म्हणून. तुला निदान उठून जाणाऱ्याची पाठ दिसायची. मला पाठसुद्धा दिसत नाही, नुसता आकडा उतरतो. मेलूर मोबाइलमागे उभी राहून हातवारे करते, 'आजी, हस ना जरा.' मी म्हणते, 'तेल विकायचंय की दात?' यावर आकडा चढतो. मग मी टोपली मांडीवर घेते. लोक खालून लिहितात, त्यात काय आहे, उघडा की आजी. मी म्हणते, घाई कसली, सासर जळतंय का? आकडा आणखी चढतो. बघ, तुझंच सगळं वापरते आहे, पण मध्येच माझी नजर फिरत राहते. कोणीतरी एक हवा ना, ज्याच्याकडे बघून बोलायचं. तू सगळ्या बाजाराशी बोलतोयस असं लोकांना वाटायचं. मला माहीत होतं तू कोणाशी बोलायचास.

आता तेलुक आन्सोन. हल्ली त्या गावाचं नाव बदललंय, पण तो घड्याळाचा मनोरा अजून तसाच कललेला आहे. बकरी ईदच्या आधीचा बाजार होता. मनोऱ्याखाली एवढी गर्दी की मला कान खाजवायलाही हात वर काढता येईना. तुझं अंगदुखी, लचक, वात, सगळं बोलून झालं आणि पहिली बाटली कोण घेणार असं विचारायच्या जागी तू थांबलास. म्हणालास, 'हे तेल सगळ्यावर चालतं, एकटेपणावर मात्र चालत नाही. त्याला औषध एकच, ती तिकडे उभी आहे, निळ्या ओढणीची मावशी. विचारा तिला, येते का माझ्या घरी?' सगळा बाजार माझ्याकडे वळला. आणि मी नियमाने वागले. म्हणाले, 'पाण्यात तोंड बघितलंस का कधी?' असा हशा पिकला की मनोरा सरळ व्हायचाच बाकी होता. सगळ्या बाटल्या संपल्या. मला वाटलं, लबाडाने काय झकास टाकलंय मध्ये, आता प्रत्येक बाजारात हेच करू.

बसमध्ये मी शेजारच्या जागेवर ओढणी टाकून ठेवली होती. शेवटचं घर मागे पडलं, रबराची झाडं सुरू झाली. तू ड्रायव्हरच्या मागे बसलास तो उठलाच नाहीस. त्या दिवशी भातही कोणी खाल्ला नव्हता. दुसऱ्या दिवशी टोपली आमच्या दाराशी होती आणि तू नव्हतास. आईने उघडली तर भात आंबलेला.

मी पुढच्या बाजाराला गेले. त्याच्या पुढच्याही. तू कुठेच नव्हतास. मग एकदा अंगणात तेल ढवळताना माझा हात थांबला. एकटेपणा. हा शब्द तुझ्या बोलण्यात कधीच नव्हता. नवा होता, आणि तो तू आधी मला ऐकवला नव्हतास. म्हणजे ते बाजारासाठी नव्हतंच. तेल करपलं, आईच्या शिव्या खाल्ल्या, आणि मी तुला दिल्या, मनातल्या मनात, त्या अजून संपलेल्या नाहीत. गाढवा, माणूस असं गर्दीत विचारतो का? जिथे मला तुला ओळखायची बंदी, नेमकं तिथेच? नदीकाठी विचारलं असतंस. भात खाताना विचारलं असतंस. सगळ्या मुलखाला बोलण्यात गुंगवणारा तू, एका बाईशी बोलायला तुला बाजार गोळा करावा लागला.

नंतर मी हारूनशी लग्न केलं. रेल्वेत होता, बरा माणूस. माझं बोलणं त्याने कधी पुरतं ऐकलं नाही, पण पगार पुरता आणून दिला. तो गेला त्यालाही बरीच वर्षं झाली. मी त्याच्याबरोबर सुखाने राहिले, उगाच काही मनात आणू नकोस. फक्त जेवायला बसले की बोलता बोलता कधी कधी वर बघायचे, माझं बोलणं कुठवर पोचलंय ते बघायला, आणि समोर वर्तमानपत्र असायचं.

तर गेला शुक्रवार. आकडा इतका चढला होता की मेलूर मोबाइलमागे नाचायची बाकी होती. टोपली माझ्या मांडीवर. खालून लोक लिहीत होते आणि मेलूर मला वाचून दाखवत होती. एक म्हणाला नाग आहे. एक म्हणाली पैसे आहेत. मग मेलूरने वाचलं, 'आजी, ही सबक बर्नामची नूरीन म्हणते, आमचे आजोबा विचारतायत, मावशींच्या टोपलीत अजून भातच असतो का?'

आणि मी गप्प झाले.

मेलूर कुजबुजत होती, 'बोल ना आजी, बोल ना.' काय बोलू? माझी आई गेली. आता जगात हे एकाच माणसाला माहीत. मी त्या काळ्या काचेत बघत राहिले, गर्दीत तू कुठे उभा आहेस ते शोधत. आकडा उतरत उतरत शून्याला आला तरी मी बघतच होते. नूरीनने मात्र जायच्या आधी दोन बाटल्या मागवल्या. खोक्यावर पत्ता मेलूरने लिहिला, म्हणून मला तुझं घर कळलं. पोरीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तिला वाटतंय आजीला उन्हाचा त्रास झाला.

आता टोपली उघडते. तेलुक आन्सोनला मी जे उत्तर दिलं ते बाजारासाठी होतं. माझं उत्तर बसमध्ये शेजारच्या जागेवर होतं, ओढणीखाली. तू मागे वळून बघितलं नाहीस, इतकंच. येत्या शुक्रवारी नमाजनंतर मी पुन्हा ओसरीवर बसणार आहे. मोबाइलच्या मागे, मला दिसेल असं एक स्टूल ठेवलंय. घरी बसून कोणाकडून लिहून घेऊ नकोस, ये. नूरीनला गाडी येत असेल तर तिला आण. बायको असेल तर तिलाही आण, मी दुसरं स्टूल शेजारून मागून आणीन आणि वाईट वाटून घेणार नाही, निदान तिच्यासमोर नाही. माझा आवाज चढला तर डावा कान खाजव. पोरगी राहते की जाते ते त्या दिवशी कळेल, आणि समोर एक ओळखीचं तोंड असलं की मी कोणाला जागचं हलू देत नाही, ते तू पाहिलेलं आहेस. टोपलीत दोघांपुरता भात बांधून ठेवते. आणि हे बघ, जुना नियम आता मोडला. सगळ्यांदेखत ओळख दाखवलीस तरी चालेल.

तुझीच,
जेनाब