डबाभर काही नाही

आरहूस, २८ ऑगस्ट

ति. डोर्तेआत्यास,
मेताचा सा. न. वि. वि. साष्टांग अगदी मनापासून आहे, पण पोटावर टाके आहेत आणि पालथं पडायची मनाई आहे. तेव्हा तूर्त उभ्यानेच गोड मानून घे.

बातमी एका दमात सांगते, तू बसून वाच. माझं ऑपरेशन झालं. वजनाचं. जठराचा अंड्याएवढा तुकडा वापरात ठेवलाय आणि आतड्याला बाहेरचा रस्ता काढून दिलाय, गावाला बायपास काढतात तसा. तीन आठवडे झाले, मी ठणठणीत आहे. आधी सांगितलं नाही, कारण तू पहिल्या गाडीने काळ्या पावाचा केक घेऊन थेट वॉर्डात आली असतीस आणि मी तो खाल्ला असता.

का केलं असं विचारशील. गुडघे बोलायला लागले होते, रक्तातली साखर डॉक्टरांना आवडेना, आणि बालवाडीत त्या चिमुकल्या खुर्चीतून उठले की खुर्चीही माझ्याबरोबर उठायची. पोरं हसायची, मीही हसायचे. मग एक दिवस मला हसू आलं नाही.

आता खाणं म्हणजे काय सांगू! आधी नुसतं पातळ, मग मऊ लगदा. सकाळी चार चमचे घट्ट दही, दुपारी अर्धं अंडं, नाहीतर काट्याने कुस्करलेला मासा. घास इतका चावायचा की त्यालाच कंटाळा आला पाहिजे. आणि जेवताना काही प्यायचं नाही, आधी तरी प्यायचं नाहीतर बऱ्याच वेळाने. म्हणजे कॉफी आणि केक हे माझ्यासाठी आता दोन वेगळे कार्यक्रम झालेत. शिवाय साखर! कामावर एकीच्या वाढदिवसाला दोन चमचे आइस्क्रीम खाल्लं तर छाती धडधडली, दरदरून घाम फुटला आणि मी ठोकळ्यांच्या गालिचावर आडवी. पोरांनी माझ्याभोवती गॅरेज बांधलं.

व्यायाम म्हणजे चालणं. पहिल्यांदा पत्रपेटीपर्यंत गेले तर दम लागला, आता बंदरापर्यंत जाऊन येते. जड उचलायचं नाही, म्हणून कडेवर यायला सगळ्यांना बंदी. एका मुलीने विचारलं, बाकीची मेता कुठे ठेवलीस?

आता मुद्द्याचं. ऑक्टोबरात तुझी पंच्याहत्तरी. कॉफीच्या टेबलावर सात मऊ केक, सात कडक बिस्किटं, आणि पाहुण्याने प्रत्येकातलं घेतलंच पाहिजे, हे मला बोलता यायच्या आधीपासून ठाऊक आहे. तुझ्या उजव्या हाताची खुर्ची माझी, पहिला घास माझा, निकालही माझा. यंदा मी येणार, तिथेच बसणार. पण खाणार काय? तर काही नाही. रागावू नकोस ना.

लोभ असू दे, साखर नसू दे.

तुझी,
मेता

*

होयर, ४ सप्टेंबर

चि. मेता हिस अ. उ. आ.

ओव्हन तापलाय, लांबण लावत नाही. ऑपरेशन लपवलंस त्याची झाडाझडती समोरासमोर. सोबत डबा पाठवलाय. तुझ्यासाठी, काही नाही.

आत्या

*

आरहूस, ९ सप्टेंबर

प्रिय निस्या,

स. न. वि. वि. वगैरे वगैरे. तुला फोन केला की तुझी आई मागून ऐकते, म्हणून पत्र.

तिला मी माझं सगळं पोट उघडून दाखवलं, म्हणजे लिहून. उत्तर काय आलं? पत्र्याचा निळा डबा. आत गच्च भरलेली ‘काही नाही’. तीच रे, अंगठ्याच्या नखाएवढी बिस्किटं, वर अंड्याच्या पांढऱ्याची साखरटोपी. पणजीला कोणी विचारलं, हे काय केलंस, तर ती म्हणाली, काही नाही, उरलेलं पीठ होतं. तेव्हापासून आपल्या घरात त्याचं तेच नाव. मी लिहिलं, काही नाही खाणार, तर बाईंनी डबाभर काही नाही पाठवलं! वर चिठ्ठी, तुझ्यासाठी, काही नाही. काय टोमणा मारलाय! मानलं बाबा. जिभेला धार लावून ओव्हनमध्ये भाजलंय.

मग मी काय केलं? रागाच्या भरात पाच खाल्ली. बालवाडीतल्या कोटांच्या खोलीत. पुढचा अर्धा तास मी छोट्या छोट्या रबरी बुटांमध्ये आडवी पडून छताकडे बघत होते आणि कपाळावरून घामाच्या धारा. उरलेली सहकाऱ्यांना वाटून टाकली. सगळ्यांना फार आवडली, हे तिला सांगू नकोस.

ऑक्टोबरात मी यायची नाही. चेष्टा सोड, खरंच सांगते. लहानपणापासून त्या घरात माझं एकच काम होतं, खाणं. आत्या भाजते, मेता खाते, सगळे टाळ्या वाजवतात. आई गेली तेव्हाही तुझ्या आईने मला जवळबिवळ घेतलं नाही, तिने माझ्यापुढे ताटली ठेवली. आता ताटली नाही तर मी त्या खुर्चीत बसून करू काय? भाषण?

समुद्राच्या बांधातल्या तुझ्या पाण्याच्या दारांना आणि तुझ्या टकलाला नमस्कार.

मेता

*

होयर, १३ सप्टेंबर

मेते, गाढवे,

आशीर्वाद देण्याएवढा मोठा नाही, पण या खेपेला देतो. देव तुला बुद्धी देवो.

अगं, टोमणा कसला! आईला ते बिस्किटच वाटलं! तू लिहिलंस, ‘खाणार काय? तर काही नाही’. चाळीस वर्षं ओव्हनसमोर उभ्या असलेल्या बाईला ‘काही नाही’ म्हटल्यावर काय आठवणार? तिने पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि मला म्हणाली, पोरगी अजून शहाणी आहे, चौदांतलं सगळ्यात हलकं तेवढंच मागितलंन. त्या आठवड्यात तिने तीन डबे भाजले. दुकानात, चर्चमध्ये, जिथे जाईल तिथे सांगत सुटली की आमच्या मेताला डॉक्टरांनी पथ्याला ‘काही नाही’ दिलंय. पाद्रीणबाई म्हणाल्या, अरेरे, फारच कडक डॉक्टर.

तुझं पत्र वाचून मी आधी पोट धरून हसलो. मग गेलो सांगायला. म्हटलं, आई, ‘काही नाही’ म्हणजे ते नव्हे. काहीच नाही. साखर खाल्ली की ती आडवी होते.

ती हसली नाही गं. ओव्हन बंद केला. पीठ मळलेलं होतं, त्यावर फडकं टाकलं आणि स्टुलावर बसली. आईला मी स्वयंपाकघरात बसलेली कधी बघितली नव्हती. तिथूनच म्हणाली, मग ती येईल कशाला?

तेव्हापासून घरात भाजल्याचा वास नाही. रोज संध्याकाळी समुद्राच्या बांधावर मेंढ्यांमधून एकटीच चालत जाते आणि येते. टेबल रद्द करायचं म्हणतेय. आता हा गुंता तुम्ही दोघी सोडवा. मी भरती-ओहोटीला पाण्याची दारं उघडतो आणि लावतो, बायकांची नाही.

तुझा आतेभाऊ,
निस

ता. क. टकलाबद्दल बोलायचं काम नाही.

*

आरहूस, १७ सप्टेंबर

ति. डोर्तेआत्यास,

सा. न. वि. वि. टाके निघालेत, तेव्हा आजचा खराखुरा आडवा होऊन घातलेला समज.

निसने सगळं सांगितलं. तुझी बिस्किटं मी टोमणा समजले आणि त्याला तुझ्याबद्दल नाही नाही ते लिहिलं. डब्याला कान असतील तर त्याचीही माफी. तू टेबल मांड. मी येते.

तू निसला विचारलंस, मग ती येईल कशाला? आत्या, तीन दिवस बंदरावर चालत विचार केला. चालताना खूप विचार होतो, हे कोणी आधी सांगितलं असतं तर आधीच चालले असते. एवढंच कळलं की तुझ्याकडे यावंसं मला वाटतं आणि त्या खुर्चीची भीतीही वाटते. सगळे माझ्या तोंडाकडे बघणार. तू तर सगळ्यात जास्त.

तूच सांग, मी येऊन काय करू?

दवाखान्यातल्या पथ्याच्या बाईंनी आता मऊ उकडलेली भाजी चालेल म्हटलंय. गाजर इतकं गोड असतं हे तू मला का नाही सांगितलंस कधी?

वाट बघणारी,
मेता

*

होयर, २२ सप्टेंबर

चि. मेता हिस आ.

गाजर गोड असतं हे मी सांगितलं होतं. तू सहा वर्षांची होतीस आणि ते कुत्र्याला देत होतीस.

येऊन काय करू म्हणे. बस. मला तरी कुठे दुसरं काय येतं? तुझी आई गेली तेव्हा बोलायला हवं होतं, मी क्रीम फेटलं. निसचे बाबा गेले तेव्हाही क्रीमच. फेटून फेटून माझा उजवा हात डाव्यापेक्षा जाड झालाय, शर्टाच्या बाहीत जात नाही. सगळ्या गोष्टींना माझ्याकडे एकच उत्तर होतं, आणि तू ते संपवायचीस म्हणून मला वाटायचं की बरोबर आलं.

बांधावर मी रोज जाते. तू चालतेस तर बघावं म्हटलं त्यात काय आहे. वारा आहे आणि मेंढ्यांच्या लेंड्या आहेत. पण गुडघे सकाळी कमी कुरकुरतात, एवढं खरं.

टेबल मांडते आहे. सात मऊ, सात कडक, त्यात फरक व्हायचा नाही, पाहुणे घरी जाऊन मोजतात. ‘सदुपदेश’ही भाजणार आहे, ती नक्षीची पातळ बिस्किटं. नावाप्रमाणेच ती सगळ्यांना द्यायची असतात आणि कोणी गिळली नाहीत तरी चालतं. तुझ्यावर सक्ती नाही. खुर्ची तुझीच आहे. पुढचं मी बघते. शनिवारी दुपारच्या बसने ये.

आत्या

*

होयर, १२ ऑक्टोबर, तुमच्या स्वयंपाकघरातून

निस्या,

वारा उठला आणि तू ऐन वेळी पाण्याच्या दारांवर अडकलास. तुझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विनोद हुकला. बस यायला अजून वेळ आहे, तुझ्याच टेबलावर बसून लिहिते. शेजारचा खोका तुझा आहे, केक दबू देऊ नकोस.

माणसं नेहमीचीच. शेजारचा क्रेस्टेन, पाद्रीणबाई, गायनमंडळातल्या सगळ्या. मी माझ्या खुर्चीत, सकाळीच अंडं आणि दही खाऊन आलेली, हात मांडीवर घट्ट. पहिल्यांदा मऊ केक आले. काळ्या पावाचा पुढ्यातून गेला तेव्हा, देवाशपथ, मी त्याला ओळख दिली नाही. पण सगळे चमचे थांबले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. क्रेस्टेन म्हणाला, काय गं, आमची वाघीण गवत खायला लागली? मला उठून जावंसं वाटलं. आत्याने पुढची ताटली पाठवली.

मग कडक. एक, दोन, तीन, सगळी फिरली. गायनमंडळ मनातल्या मनात मोजत होतं, ओठ हलत होते. सहा झाली. तेव्हा आत्या आतून सातवी घेऊन आली. तिची सगळ्यात चांगली, निळ्या काठाची ताटली, खाली विणलेला रुमाल, वर चांदीचा चिमटा. आणि ताटली रिकामी.

कोणाला काही कळेना. क्रेस्टेनने रुमाल उचलून खाली बघितलं. आत्या म्हणाली, काय बघतोस, ‘काही नाही’ आहे. खरंखुरं. घ्या, सगळ्यांनी घ्यायचं असतं.

आणि ताटली पहिल्यांदा माझ्यापुढे धरली.

निस, मी चिमटा उचलला. एक घेतलं. चावलं, पथ्याच्या बाईंनी शिकवलं तसं, त्याला कंटाळा येईपर्यंत. निकाल माझा असतो ना. म्हटलं, आत्या, बेताचं गोड झालंय.

मग जे हसायला सुटले सगळे! ताटली फिरली. पाद्रीणबाईंनी चिमट्याने मोठ्ठं उचललं आणि म्हणाल्या, किंचित कोरडं आहे, पण कपड्यांवर चुरा सांडत नाही. क्रेस्टेनने दोनदा घेतलं, मेला हावरट. आणि तुझी आई माझ्या शेजारी बसली. स्वतःच्या टेबलाशी, स्वतःच्या वाढदिवसाला, किटली खाली ठेवून बसली. मी तिच्या त्या जाड हाताला धरून ठेवलं. ती म्हणाली, चिमटा सांभाळ, चांदीचा आहे.

नंतर आम्ही दोघी बांधावर गेलो. ती माझ्यापेक्षा भराभर चालते, हे तुला माहीत होतं का?

बस दिसतेय. खोक्यातलं सावकाश खा, माझ्या वाटचं पण.

मेता

*

होयर, २० ऑक्टोबर

चि. मेता हिस अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा. तो भेटल्यावर.

तू गेलीस आणि गावात वेगळाच ताप झालाय. गायनमंडळातल्या तिघी ‘काही नाही’ कसं करायचं ते विचारून गेल्या, हसत हसत, पण विचारून गेल्या. मी सांगितलं, ते माझं नाही, माझ्या भाचीचं आहे. ती फार मेहनतीने करते.

निसने खोका एका बैठकीत संपवला. आता त्याला रोज बांधावर नेते आहे. पुढे मी, मागे मेंढ्या, त्यांच्या मागे निस.

माझा निळा डबा तुझ्याकडेच आहे, तो परत पाठव. पण आपल्या घरात डबा रिकामा परत करत नाहीत, हे लक्षात ठेव. काही नाही घालून पाठव.

तुझी आत्या