रेमीचं डोकं

शनि., ४ ऑक्टो.
हाफटाइमला आमच्या फुटबॉल क्लबच्या मॅनेजरने, म्हणजे टीमच्या मुख्य कोचने, रेमीने, आमच्या कॅप्टनचा गळा धरून त्याला भिंतीवर आपटलं. एका गोलवरून! मी मध्ये पडले तर त्याचं कोपर माझ्या ओठावर. एकेकाळचा फ्रान्सचा नावाजलेला डिफेंडर, आणि ही तऱ्हा. हॉस्पिटल सांभाळून शनिवारी क्लबची डॉक्टर व्हायची हौस मलाच होती म्हणा! घरी नीलेश म्हणाला, "नवरा म्हणून सांगतो, सरळ पोलिसात जा." ओठ टम्म. वरणभातही झोंबला.

सोम., ६
रेमी सस्पेंड. पुढच्या शुक्रवारी, १७ला, क्लबची चौकशी. मुख्य साक्ष माझी. सोडणार नाहीये मी त्याला.

बुध., ८
रेमी सामान न्यायला आला. विचारतो, "डॉक्टर, ओठाला काय झालं?" वाटलं नाटक करतोय. नाही. खरंच आठवत नव्हतं! सांगितलं तर लॉकरवर गुद्दे हाणत सुटला, हात रक्तबंबाळ होईस्तोवर. मग स्वतःचं डोकं आपटायला लागला. किट धुणाऱ्या माणसाला हाक मारली, दोघांनी मिळून कसाबसा आवरला. पट्टी बांधताना विचारलं, खेळताना डोक्याने बॉल मारताना, हेडर करताना, कितीदा बेशुद्ध पडलात? हसला. "तेव्हा कोण मोजत होतं?"
टीममधल्या पोरांची डोकी तपासते मी दर शनिवारी. याचं एकदाही नाही.

मंगळ., १४
माझ्याच ओळखीने रेमीला साउथहॅम्प्टनला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. आज रिपोर्ट. जुन्या माराने मेंदू खराब होत चाललाय. हा राग, हे विसरणं, बहुतेक त्यातूनच. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर हायसंही. कार पार्कमध्ये म्हटलं, "चौकशीत मी हे सांगते. समजून घेतील."
गाडीच्या टपावर मूठ हाणली त्याने. "खबरदार! मी जनावर आहे असं सांगा. जनावराला दुसरा क्लब मिळतो, डॉक्टर. आजारी माणसाला कोण घेतं?"
घाबरले. परत मारेल म्हणून, आणि तो बरोबर बोलतोय म्हणूनही.

गुरु., १६
चौकशी उद्या. पेशंटच्या परवानगीशिवाय तोंड उघडायचं नाही, एवढं मलाही कळतं. पण गप्प बसले तर पुढचा गळा कोणाचा? नीलेशचं एकच पालुपद, "तुझ्या ओठाचं सांग, त्याच्या डोक्याचं नको."
आत्ता रेमीचा मेसेज. मिल्टन कीन्सच्या एका क्लबने विचारलंय. बारा-तेरा वर्षांच्या मुलांची टीम. त्यांना कडक माणूसच हवाय म्हणे. खाली थँक यू डॉक्टर, आणि एक हसरा चेहरा.