चावी माझ्या हातात होती

प्रिय पैलवान,

फोन असताना हा माणूस पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि हे सांगताना मधे थांबलो तर पुन्हा सुरू करण्याची माझी छाती नाही. जेवणाची सुट्टी झालीय, वर्कशॉपमधली मंडळी बाहेर बाकांवर बसलीत आणि मी केबिनचं दार लावून घेतलंय. तुझी बोटं थंडीत अजून ठणकतात का? नसलेली बोटंही दुखतात, असं तू एकदा म्हणाला होतास. तेव्हापासून हा प्रश्न मी टाळत आलोय.

आपल्या पाणीखात्याला नवा ट्रक मिळतोय. पाइप, पंप, मागे खोदाईच्या यंत्राची ट्रॉली, सगळं ओढणारा. इंजिन पेट्रोलचं की डिझेलचं, ते मी लिहून द्यायचंय. महिनाभर मी पेट्रोलची वकिली केली. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या असतात, त्यात डिझेलचं इंजिन धड तापत नाही, धूर गाळणाऱ्या जाळीत काजळी धरते. पेट्रोलची देखभाल सोपी, थंडीत चटकन सुरू होतं. साहेबांनी मान डोलावली. एकही मुद्दा खोटा नव्हता. आठवड्यातून चार दिवस ही गाडी भरल्या पाइपांनिशी टाकीच्या टेकडीवर चढवायचीय, तेवढं मी गाळलं.

काल दोन्ही गाड्या चाचणीला आल्या. तुझी लेक चालवत होती, पुढेही ट्रक तिच्याच हाती राहणार; मी शेजारी. हात अगदी तुझा घेतलाय पोरीने. गिअर टाकते तो कळत नाही. पेट्रोलची गाडी दुसऱ्याच वळणावर धापा टाकायला लागली. आरडाओरडा भरपूर, चाल गोगलगाईची. डिझेलची मात्र हूं की चूं न करता वर गेली. "काका, हिने साधा ढेकरही दिला नाही," म्हणाली आणि हसली. मग टाकीपाशी गाडी उभी करून, इंजिन कसं बोलतंय ते ऐकायला म्हणून तिने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. आवाज चढत गेला. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. भानावर आलो तेव्हा मी कुंपणापलीकडे उभा होतो, दोन्ही हात कानांवर.

उलटीसारखं झालं, असं मी सांगितलं. टेकडी उतरताना रस्त्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "काका, बाबांची बोटं गेली तेव्हा तुम्ही कुठे होतात?" आग विझवायचा सिलिंडर आणायला गेलो होतो, असं मी सांगितलं. अपघाताच्या अहवालातही तसंच आहे.

ती दुपार तुलाही आठवत असेल. जुना ट्रक शेडमध्ये होता. इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचं सील फुटलं आणि इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन सुटलं. मी चावी फिरवली, बाहेर काढली. चावी माझ्या हातात, आणि इंजिनचा वेग चढतच चाललाय. पेट्रोलचं असतं तर ठिणगी बंद झाली की गप्प बसलं असतं. डिझेलला ठिणगी लागतच नाही. पोटात जळण्याजोगं काहीतरी आणि वरून हवा, एवढ्यावर ते धावतं. पांढऱ्या धुराने शेड भरली, छपराचे पत्रे थडथडायला लागले. तू ओरडलास, "मास्तर, हवा बंद कर." हवेचा पाइप माझ्यापासून दोन पावलांवर होता. तू शेडच्या पार दुसऱ्या टोकाला होतास.

तू धावत आलास, जाकीट काढून पाइपाच्या तोंडात कोंबलंस, इंजिन गुदमरलं, पण ते थांबण्याआधी जाकिटाची बाही फिरत्या पट्ट्यात अडकून तुझी बोटं गेली. हे सगळं मला इतरांनी सांगितलं. मी पाहिलं नाही. मी फाटकाबाहेर पाइपांच्या ढिगामागे उकिडवा बसलो होतो. आवाज थांबल्यावर परत आलो, आणि रिकाम्या हाताने यायची लाज वाटली म्हणून येताना भिंतीवरचा सिलिंडर उचलला. लोकांनी तो पाहिला आणि गोष्ट आपोआप तयार झाली. मी ती मोडली नाही. दवाखान्यात डोळे उघडल्यावर तू मला एवढंच विचारलंस, "तुला कुठे लागलं नाही ना?" तुला ठाऊक होतं का रे? अकरा वर्षं मी हे ओळखायचा प्रयत्न करतोय.

आज सकाळी मी डिझेलवर सही केली. त्या टेकडीला तेच हवं, आणि माझ्या भीतीपायी पोरीच्या गळ्यात दमछाक होणारी गाडी बांधायची नाही. हवा एका झटक्यात तोडणारी झडप बसवल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये, असंही ठळक लिहिलंय. सोमवारपासून ती झडप कशी ओढायची ते मी तिला शिकवणार आहे, आणि त्याआधी त्या दुपारचं खरं सांगणार आहे. तिच्याकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. मन हलकं करायला मी सांगत नाहीये. असा प्रसंग पुन्हा आला तर माझे पाय कुठल्या दिशेने जातील, हे काल टेकडीवर मला पुन्हा कळलं. तिने झडप स्वतःच ओढायला हवी. शेजारी उभा असलेला काका ओढेल, या भरवशावर तिने एक क्षणही थांबू नये.

तुझाच, आणि तू अजून म्हणत असशील तर तुझा मित्र,
मास्तर