अमेरिका, चष्मेवाली आणि बाबांची कमाई

१९ ऑगस्ट

ती अमेरिकेला जाणार! संपलं सगळं!

ती म्हणजे समोरच्या चष्म्याच्या दुकानातली. कॉलेज सोडून मामाच्या पाट्या रंगवायच्या दुकानात बसायला लागल्यापासून मला दिसतं ते एवढंच – रंगाचे डबे, मामाची पाठ आणि रस्त्यापलीकडे ती. आज पुन्हा डोळे तपासायला गेलो. डोळ्यांना काही झालेलं नाही, हे तिलाही माहीत आहे.

"शेवटची ओळ वाचा."

"वाचतो. पण तिच्यातलं तिसरं अक्षर डावीकडे कललंय."

"अहो, डोळे तपासायला आलात की तक्ता?"

मी म्हटलं, नवा तक्ता रंगवून देतो, फुकट. तर म्हणाली, "पुढच्या वर्षी द्या. नव्या मुलीला. मी नसेन, अमेरिकेला शिकायला जातेय."

माझ्या तोंडून काय निघावं? "मीपण!"

"हो? कुठल्या कॉलेजात?"

"बघतोय."

"आणि पैसे?"

"तेपण बघतोय."

हसली. असली हसली की चष्मा काढून पुसावा लागला तिला. आता जायलाच हवं. नाक कापून घ्यायचं का?

२१ ऑगस्ट

दुपारी मामा जेवून आडवा झाला तेव्हा दुकानातल्या कॉम्प्युटरवर अमेरिकेतली कॉलेजं शोधली. फीप्रमाणे लावली, सगळ्यांत स्वस्त वर. छापून तिच्यासमोर आपटली – घ्या!

तिने वाचली. पेन काढलं आणि एकेक नाव खोडत सुटली. ही सरकारी कॉलेजं म्हणे. स्वस्त आहेत ती तिथल्या पोरांना. बाहेरच्याला फी वेगळी आणि मदत जवळजवळ नाहीच. "फी बघायचीच नसते. फीतून मदत वजा करून काय उरतं ते बघायचं. श्रीमंत कॉलेजांची फी डोळे पांढरे करते, पण गरजवंताला घेतलं तर राहण्याजेवणासकट तीच सांभाळतात."

"म्हणजे जे महाग तेच स्वस्त?"

"कधीकधी."

"हे कुठलं गणित?"

"ज्या तासाला तू वर्गात नव्हतास, त्या तासाचं."

२२ ऑगस्ट

काल ती मला 'तू' म्हणाली. आज सावरून पुन्हा 'तुम्ही' झालं. पण तोंडात आधी तूच आलं ना!

६ सप्टेंबर

आता ती रोज संध्याकाळी आमच्या दुकानात येते. तिच्या घरीही पैशांचा खडखडाटच आहे, त्यामुळे आम्ही एकाच नावेत. (नावेत! दोघंच!) मामा तिला स्टूल पुसून देतो. मला कधी दिलं नाही.

तिने समजावलं, मी मामाच्या गिऱ्हाइकांवरून ताडलं. काही कॉलेजं काम बघतात, खिसा नंतर. तशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि दारात जगभरची गर्दी. बरीचशी दारातच खिसा चाचपतात – दोन मुलं सारखीच चांगली असली तर पैसे भरणारा आत. उरलेली परदेशी मुलाला मदतच देत नाहीत. स्पष्ट लिहून ठेवलंय बिचाऱ्यांनी, शोधणाऱ्याने वाचायला हवं.

आणि माझी वेगळीच गंमत! मी एक कॉलेज अर्धवट सोडलंय. ते लपवता येत नाही. मग काही ठिकाणी मी नवा विद्यार्थी नाही, 'मधूनच बदली मागणारा' ठरतो, आणि तसल्यांना मदत नाही. यादी आणखी बारीक झाली. रागाच्या भरात इथलं एक दार आपटलं, तिकडची किती बंद झाली!

मामा म्हणतो, "त्यापेक्षा तिकडे शाखा काढ आपली. पाट्या लागत नाहीत का त्यांना?"

१४ ऑक्टोबर

गुणपत्रिकेसाठी जुन्या कॉलेजात. खिडकीतल्या कारकून बाई चष्म्यावरून बघत राहिल्या. "तूच ना तो? सरांशी भांडून खुर्ची आपटून गेलेला?"

"हो, मॅडम."

"अजून डुगडुगते ती. मलाच दिलीय बसायला."

पण कागद दिला. शिक्काही सरळ मारला.

९ नोव्हेंबर

अर्जाची फीसुद्धा माफ होते! नम्रपणे मेल लिहून मागायची. नम्रपणे हे मला जमत नाही, म्हणून ती सांगते, मी टाइप करतो. आज एकाचं 'माफ केली' असं उत्तर आलं आणि ती म्हणाली, "अरे, बघ!"

अरे!!

२ डिसेंबर

तिचं जे सगळ्यात आवडतं कॉलेज आहे त्याला मीही अर्ज करतोय, हे सांगायला नकोच. तिला तिथे प्रकाशाचा अभ्यास करायचाय – भिंगं, किरण. मला कशाचा करायचाय ते विचारलं. मी म्हटलं, बघतोय.

आणखी एक चिमुकलं कॉलेज सापडलं. आडगावातलं असावं. तिथे अक्षरं शिकवतात! लाकडात कोरलेली अक्षरं, शाईचे रूळ, हाताने फिरवायची छपाईची यंत्रं. फोटो बघत बसलो, मामाच्या गिऱ्हाइकाची पाटी राहिली, बोलणी खाल्ली. ती म्हणाली, "मी नाही अर्ज भरत तिथे." मग मला काय करायचंय? पण अर्जाला फी नव्हती. टाकून ठेवला.

२० डिसेंबर

निबंध लिहायचा होता, स्वतःबद्दल. पहिला लिहिला तो सगळा तिच्यावरच गेला. फाडला. दुसरा जुन्या कॉलेजवर – तिने वाचून म्हटलं, "शिव्या काढल्या तर काय उरतं?" काही उरत नव्हतं.

तिसरा एका बैठकीत लिहून झाला. बाबा भाड्याच्या मशिनीवर शाळेचे गणवेश शिवतात, आणि मी दुकानांच्या शटरवर नावं रंगवतो, त्याबद्दल. तिने वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाली, "हा राहू दे."

११ जानेवारी

घरच्या मिळकतीचा अर्ज. बाबा नवा शर्ट घालून दुकानात आले, जणू फोटोच काढणार आहेत. ताई माहेरी आलीय, ती टाइप करायला बसली. एवढ्यात चष्म्याच्या दुकानातून तिने हात केला. ताई म्हणाली, "जा तू, आम्ही बापलेक भरतो. इथे थांबून तरी तुझं लक्ष कुठे असणार आहे!"

गेलो. परत आलो तोवर अर्ज गेलेलाही होता. कामसू माणसं!

२६ मार्च

हो! हो! तिलाही हो, मलाही हो! एकाच कॉलेजचं! मी असा उडालो की पिवळा डबा लवंडला. मामा ओरडला, मग काय झालं ते कळल्यावर त्यानेच मला उचललं. दोघंही पिवळे. ती रस्त्यापलीकडून बघून दोन्ही हात हलवत होती. आई तर दिसेल त्याला सांगत सुटलीय.

२७ मार्च

तिला पूर्ण मदत. मला शून्य.

काल हो वाचून खालचं वाचलंच नव्हतं. आज तिने वाचून दाखवलं – तुमच्या कुटुंबाची मिळकत पाहता मदतीची गरज दिसत नाही. गरज दिसत नाही! ह्यांचेच डोळे तपासायला हवेत! मी कॉम्प्युटरवर मूठ आपटणार होतो, मामाने मनगट धरलं. "माझा आहे तो."

२८ मार्च

उलगडलं. अक्षरांच्या कॉलेजची मेल आली. 'हो' नाही, 'नाही'ही नाही. एक प्रश्न आहे – निबंधात तुम्ही लिहिता वडिलांची मशीन भाड्याची आहे, आणि अर्जात वडील कपड्यांच्या कारखान्याचे मालक आहेत. यातलं खरं काय?

घरी गेलो तो ओरडतच. बाबा काज करत होते. मान वर न करता म्हणाले, "मग? परक्या माणसांना घरची खरी मिळकत सांगतात? ताईच्या वेळी सांगितली होती?"

ताई आतून, "माझ्या वेळी नुसत्या चार मशिनी सांगितल्या होत्या. त्या चार निभावता निभावता माझा जीव गेला सासरी! ह्या वेळी म्हणाले, अमेरिका आहे, कारखाना लिही."

"बाबा, ते सोयरीक जमवत नाहीयेत!"

"माझा मुलगा त्यांच्या घरी द्यायचाय ना? मग सोयरीकच."

"अहो, तुम्ही श्रीमंत म्हणूनच पहिल्या कॉलेजने मला घेतलं असेल! पैसे भरणारं गिऱ्हाईक समजून! आता खरं सांगितलं तर तेही हो गेलं!"

बाबांच्या हातातली सुई थांबली. मी आणखीही पुष्कळ बोललो. ते इथे लिहीत नाही. आईने शेवटी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या आदळला, "पी, आणि गप बस."

२९ मार्च

सकाळी उठलो तर बाबांनी पत्र लिहून ठेवलेलं. मराठीत, शिवणाच्या टिपेसारख्या बारीक अक्षरात. "इंग्रजी कर आणि दोन्हीकडे पाठव."

'महोदय, माझा कारखाना नाही. एक मशीन आहे, तीही भाड्याची. शाळा उघडताना कमाई बरी होते, एरवी उसवलेलं शिवतो. आधी लिहिलं ते मुलाचा मान राहावा म्हणून लिहिलं. त्याला ठाऊक नव्हतं. रागवायचं तर माझ्यावर रागवा. मुलगा तापट आहे, खोटा नाही.'

मी इंग्रजी केलं. बाबांना इंग्रजी येत नाही, पण दोन्ही कागद शेजारी ठेवून त्यांनी बोट फिरवलं. "माझी एक ओळ जास्त भरतेय. काय गाळलंस?"

'तापट'चं वाक्य गाळलं होतं. घातलं.

त्यांना सॉरी म्हणायचं होतं. म्हटलं, "बाबा, अक्षर छान आहे तुमचं."

"मग तुझं कुणावर गेलंय?"

७ एप्रिल

तिच्या कॉलेजचं उत्तर. पत्राबद्दल बाबांचे आभार मानलेत, रागावले नाहीत. पण परदेशी मुलांसाठीचा यंदाचा पैसा वाटून झाला. पुढच्या वर्षी खऱ्या आकड्यांवर नव्याने अर्ज करा, तुमचा विचार होईल.

मी तोंड पाडून तिच्याकडे गेलो. ती काच पुसत होती. पुसतच राहिली. मग म्हणाली, "मग ये ना पुढच्या वर्षी. मी तिथेच असेन."

"वर्षभर काय करू इथे?"

"अर्ज भर. नम्रपणे लिहायला शीक." आणि मग, काचेकडेच बघत, "आलास तर मला आवडेल."

आवडेल म्हणाली! काचेला नाही, मला! रस्ता ओलांडताना सायकलवाल्याने शिव्या घातल्या. मी त्याला नमस्कार केला.

१८ एप्रिल

अक्षरांच्या कॉलेजचा व्हिडिओ कॉल. आजोबांच्या वयाचे सर, नखांत शाई. बाबांच्या पत्राचं विचारतील म्हणून उत्तर पाठ करून बसलो होतो. त्यांनी विचारलं, शटर तर वळ्यावळ्यांचं असतं, त्यावर अक्षर सरळ कसं दिसतं?

मी सांगितलं की ते सरळ काढायचंच नसतं. समोर उभं राहून सरळ काढलं तर खालून जाणाऱ्याला चेपलेलं दिसतं. म्हणून उंची ताणायची, खडूची दोरी मारून रेघ घ्यायची आणि दर थोड्या वेळाने पलीकडच्या फुटपाथवर जाऊन बघायचं. ते म्हणाले, दाखव. मी फोन घेऊन मामाच्या अर्धवट शटरपाशी गेलो. फोन मामाकडे दिला, हात हलू नये म्हणून काठीवर टेकवला आणि एक अक्षर काढलं. ते म्हणाले, ती पोटातली गोलाई पुन्हा कर. पुन्हा केली. त्यांनी त्यांच्याकडचं एक लाकडी अक्षर कॅमेऱ्यासमोर धरलं. माझी गोलाई त्यांना आवडली, उभी रेघ नाही. मी वाद घातला. तेही हट्टाला पेटले! मामा मध्ये पडला – मराठीत, त्यांच्या बाजूने!

नंतर ती आली, जरा फुगलेली. "मघाशी हाक मारली, तर हातानेच थांब म्हणालास."

मला आठवतच नाही.

२४ एप्रिल

अक्षरवाल्यांचा होकार. पूर्ण मदत. राहण्याजेवणासकट! विमानाचं तिकीट तेवढं आपलं. मामा म्हणाला, ते माझ्याकडे लागलं, पगारातून कापतो. कुठला पगार? आजवर दिलाय का कधी!

आई रडली, हसली. बाबांनी माप घेतलं कोटासाठी. "तिथे तरी सांगू नकोस कारखान्याचा आहे म्हणून."

उत्तर एक मेपर्यंत द्यायचंय.

२७ एप्रिल

पण मग ती?

तिला विचारलं. ती म्हणाली, "मला विचारू नकोस. मी काही बोलले तर जन्मभर माझ्या डोक्यावर राहील."

ताईला विचारलं. "गाढवा, हातातलं सोडतात का?" मामाला विचारलं. "ती स्टुलावर बसायची तेव्हा दुकानाला शोभा होती," एवढंच म्हणाला. बाबा म्हणाले, "मी आता कुठलाच आकडा सांगणार नाही."

३० एप्रिल

ठरलं. पक्कं. इथेच थांबणार. वर्षभर पाट्या रंगवणार, नव्याने अर्ज करणार, तिच्या कॉलेजात जाणार. आवडेल म्हणालीय ती! हे सगळं केलं कुणासाठी? उद्या अक्षरवाल्यांना नम्रपणे 'नाही' कळवायचं. मेल लिहूनही ठेवली. नम्र झालीय.

१ मे

सकाळी मेल उघडली, खोडली, आणि 'हो, येतोय' लिहून पाठवून दिली. खाली त्या उभ्या रेघेबद्दल चार ओळी लिहिल्या – माझी रेघ बरोबरच होती!

मग नकाशा काढला. तिचं कॉलेज देशाच्या एका टोकाला, माझं पार दुसऱ्या. हे आधी बघायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं.