कुबडी ताईने बनवली

मी, खाली सही करणारी, निवृत्त टंकलेखन शिक्षिका, वय एकाहत्तर, अविवाहित, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या धाकट्या भावाला शंका असल्यास त्याने आधी स्वतःचे तपासून घ्यावे. यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला. बिनशर्त.

२. बँकेतील शिल्लक टंकलेखन वर्गाला. खुर्च्या बदलाव्यात. आताच्या खुर्च्यांनी तीन पिढ्यांच्या पाठी मोडल्या.

३. थोरल्या ताईची कानस, पकड आणि शेगडा शेजारच्या सुतारीणबाईंना. भावाला यांतले काही देऊ नये. ताईचा एक पाय लहानपणीच लुळा पडला. तिने मोडक्या छत्रीचा खटका बसवून घडीची कुबडी बनवली, तेव्हा भाऊ कानशीचा आवाज नको म्हणून दार लावून घ्यायचा. ती गेल्यावर त्याच दारावर ‘घडीच्या कुबडीचे जनक’ अशी पाटी, आणि इंटरनेटवरही तेच!

४. भावाला ती पाटी पुसायचे फडके.

५. हे कलम लिहिताना एका जागी बसवत नाही. भाचीच्या कचेरीत संगणकाला इंटरनेटवरचा मजकूर वाचून आपले आपण ज्ञान गोळा करायला शिकवतात. त्याने टिपलेले बरोबर की चूक, हे सांगायचे काम मी घरून करते. मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर प्रत्येक उत्तरावर विचारायच्या, ‘कशावरून?’ हा संगणक तेवढे विचारत नाही. चार ठिकाणी दिसले की खरे मानतो. एके दिवशी त्याने मलाच सांगितले, कुबडी भावाने बनवली. मी चूक म्हटले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग दिसेल त्या संकेतस्थळावर मी लिहीत सुटले, ‘ही कुबडी माझ्या भावाने बनवली, हे धादांत खोटे आहे.’ संगणकाची खात्री आणखी वाढली!

भाची म्हणाली, “आत्या, तो ‘खोटे आहे’ सोडून बाकीचं उचलतोय. तुझं प्रत्येक भांडण त्याला पुरावा वाटतं.”

“मग काय तोंड शिवून बसू?”

“भांड ना, पण बाबांचं नाव न घेता.”

हे मला जन्मात जमले नाही. म्हणून माझ्या पश्चात भाचीने ताईचे पूर्ण नाव घालून, ‘घडीची कुबडी हिने बनवली,’ एवढेच साधे वाक्य जागोजागी लिहावे. बापाविरुद्ध लिहिणे सोपे नाही, हे मला कळते. म्हणून घराला अट नाही. ताईची पहिली कुबडी मात्र लिहिल्यावरच द्यावी.

दुरुस्ती: वरील मजकूर भाचीला वाचून दाखवला. तिने माझा संगणक उघडला. मग म्हणाली, “तू मरायची वाट कशाला बघू? ऊठ, मला बसू दे.” ती आता माझ्या खुर्चीत बसून लिहीत आहे. कुबडी तिला दिली. कलम ५ खोडावे.

स्थळ: माझे स्वयंपाकघर, उभ्याने
दिनांक: ५ मार्च
सही: (मृत्युपत्र करणारी)
साक्षीदार, दोघांच्या समक्ष सही झाली:
१. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर (सही)
२. कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बाई (सही)