नावाच्या चौकटीतलं भोक

९ फेब्रुवारी २००९
सगळ्या क्लासने वाचलं! क्षितिजाने वर्गातल्या राकेशला क्लासच्या साइटवरून लिहिलेले खासगी निरोप — आज त्याच साइटच्या पहिल्या पानावर, सगळ्यांसमोर, तिच्याच नावाने टाकलेले. पोरं मोठ्याने वाचून दाखवत होती. ती बॅग तिथेच टाकून निघून गेली.
क्लासमध्ये कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे. साइट मी बनवलीय.

१० फेब्रुवारी
तिचे वडील हिरामणशेठ काल्हेरहून तिला घेऊन आले. ऑफिसातच ओरडले — "पासवर्ड कोनाला दिलास? खरा सांग!" "कोनाला न्हाय दिला, बाबा," ती म्हणत राहिली. कुणाचाच विश्वास बसला नाही. मी कॉम्प्युटरकडे बघत बसले.

११ फेब्रुवारी
सापडलं. लॉगिनचं प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा तयार तुकडा, मी नेटवरून फुकटचं घेतलं होतं. त्यात नाव लिहायच्या चौकटीत कुणीतरी नावाऐवजी कोड लिहिलाय, आणि प्लगइनने तो न तपासता पानावर जाऊ दिलाय. ते पान जो उघडेल त्याचं चालू लॉगिन गुपचूप त्या माणसाच्या हातात! पासवर्ड लागतच नाही. क्षितिजाने फक्त पान उघडलं होतं.
दुरुस्त केलेली नवी आवृत्ती डिसेंबरातच आली होती. सूचना वाचली होती मी. पण पानाचे रंग बिघडतील म्हणून ती टाकलीच नाही.
रंग!

१२ फेब्रुवारी
क्लासच्या मालकांना, यादव सरांना, सगळं सांगितलं. "चुप बैठो, उन्नती. बँक की परीक्षा सर पे है, क्लास बंद करवाओगी? लडकी ने ही किसी को दिया होगा."
नवी आवृत्ती टाकून भोक बुजवलं. गप्प बसले.

१६ फेब्रुवारी
क्षितिजाचं क्लासला येणं बंद. घरचे परीक्षेलाही बसू देणार नाहीत म्हणे. एवढी हुशार मुलगी! धामणकर नाक्यावर तिची आई दिसली. एक शब्द पुरला असता. मी दुकानात शिरले, आणि ती रिक्षात बसेपर्यंत कापड बघत राहिले. लाज वाटते लिहायलाही.

२१ फेब्रुवारी
उद्या काल्हेरला जाणार. हिरामणशेठना तोंडावर सांगणार — तुमची मुलगी खरं बोलत होती. नोकरी गेली तर जाऊ दे.

२२ फेब्रुवारी
त्यांच्या दारात लग्नाचा मांडव. क्षितिजाचे हात हळदीने पिवळे — नवरा वळ गावचा, तिने एकदाच पाहिलेला. तिला मागच्या दारी गाठून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता बाबांला नको सांगू, ताई. त्यांना झोप न्हाय लागायची."
मग म्हणाली, "जेवून जा."